अर्जदाराशी नातं

प्रिय आर्डिस,

दुपारी वृद्धांच्या त्या होममध्ये तासभर तुझ्याजवळ बसून आलो आणि घरी येऊन पुन्हा तुलाच पत्र लिहितोय, याचं तुला हसू येईल. पण दुसरा मार्ग नाही. तुझी वाचा गेली, माझे कान तर आधीच गेलेले, त्यामुळे आपलं बोलणं म्हणजे मी ओरडायचं आणि तू भुवया उडवायच्या. त्यात मी जे ओरडतो ते तुझ्या आधी पलीकडच्या खाटेवरच्या मिसेस एंगेब्रेट्सन ऐकतात, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत ते स्वयंपाकघरात पोचलेलं असतं. परवा मी तुला पोट साफ होत नसल्याची तक्रार सांगितली, तर निघताना तिथल्या मुलीनं मी न मागता वाटीभर शिजवलेले आलुबुखार माझ्या हातात ठेवले. तेव्हा आजची गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. तुझा डावा हात ठीक आहे आणि डोळे माझ्याहून बरे आहेत. उद्या हे पाकीट तुझ्या उशाशी ठेवून मी खाली कॉफी प्यायला जाईन. तू सावकाश वाच.

आधी घरची हालहवाल. तळ्यावरचं बर्फ राखाडी पडलंय, आता कधीही फुटेल. तरी ऑर्विलनं मासे धरायची आपली झोपडी गेल्या आठवड्यापर्यंत त्या बर्फावरच ठेवली होती. शेवटी तो ती ओढून आणायला गेला तेव्हा सगळा कॅफे खिडकीशी गोळा झाला होता. तो सुखरूप परत आला, आणि दोघातिघांचा तर चक्क हिरमोड झाला. हंस परत आलेत. तुझ्या पक्ष्यांच्या खाण्यावर त्या लठ्ठ खारीनं पुन्हा कब्जा केलाय आणि मी तिच्याशी भांडणं सोडून दिलंय. बुधवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं, तेव्हा मी तुझा तो खिमा-बटाटा तुझ्याच भांड्यात भाजून नेला. खालून करपला होता, पण पास्टर ग्रेटशेन दोनदा वाढून घेऊन गेल्या. त्यांना तो कामाचाच भाग वाटत असावा. जेवणं झाल्यावर भांडी घासणाऱ्या बाईनं भांडं उलटं करून बघितलं. खाली चिकटपट्टीवर तुझ्या अक्षरात 'आर्डिस' लिहिलेलं होतं. तिनं काही न विचारता ते माझ्या हातात दिलं. गावात भांड्याखालचं नाव वाचून भांडं कुणाच्या घरी जायचं ते सगळ्यांना कळतं, आणि तुझं भांडं माझ्या घरी जातं हेही सगळ्यांना ठाऊक आहे. हे लक्षात ठेव, पुढे मला ते लागणार आहे.

आता मुख्य बातमी. मंगळवारी काउंटीच्या सरकारी कचेरीचं पत्र आलं. तुझा अर्ज मंजूर झालाय. तुझी थोडीशी पेन्शन त्यांच्याकडे जाईल, आणि होममधल्या खाटेचा, जेवणाचा, औषधांचा बाकीचा सगळा खर्च सरकार करेल, तू असेपर्यंत. तुझ्या मुलीला, जोलीनला, मी ओरेगॉनला फोन केला तर ती रडायलाच लागली. मग मी माझ्या मुलाला फोन केला. कर्टिस म्हणाला, "बघा बाबा, मी म्हणत होतो ना? अकरा वर्षं तुम्ही दोघांनी नीट सांभाळलंत म्हणून झालं हे." मी हो हो म्हणालो आणि फोन ठेवला. मग ते पत्र घेऊन तुझ्या खुर्चीत बसलो.

अकरा वर्षं आपण काय सांभाळलं, ते तुला नव्यानं सांगायला नको. पण माझ्या बाजूनं ते कसं दिसतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. माझी ल्युसिल तीन वर्षं होममध्ये होती. ती मला ओळखत नव्हती तरी मी रोज जायचो, आणि दर वसंतात जमिनीचा एकेक तुकडा विकायचो. सरकार नवराबायकोची मालमत्ता मिळून मोजतं. मागे राहणाऱ्यासाठी राहतं घर आणि थोडंफार सोडतं, बाकीचं आधी संपवा म्हणतं, मग मदत. ल्युसिल गेली तेव्हा माझ्याकडे घर, अवजारं आणि शेवटची ऐंशी एकर उरली होती. जमीन गेल्याचं दुःख करणं ल्युसिलवर अन्याय होता, म्हणून मी ते कधी केलं नाही. त्याची माझ्या मनात भीती होऊन बसली. पुढे तू आलीस, हसलीस, माझ्या भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलंस, आणि मी तुला कुठे नेलं तर वकिलाकडे. ते म्हणाले, लग्न करू नका. एकत्र राहा, पण सगळं वेगळं ठेवा. एकाचं नाव दुसऱ्याच्या कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका. तू मांडीवर पर्स ठेवून शेवटपर्यंत ऐकून घेतलंस. गाडीत अर्धा रस्ता झाला. मग म्हणालीस, "बरं, भाडं किती घेणार?"

मी आकडा सांगितला, हे आठवलं की आजही माझे कान लाल होतात.

त्यानंतर आपण इतके चोख वागलो की कुणाला खरं वाटणार नाही. पहिल्या तारखेला तू चेक द्यायचीस, मी पावती फाडायचो आणि खाली 'एच. ब्रेके' अशी सही करायचो. लगेच तू मला त्याच टेबलावर पॅनकेक वाढायचीस. फ्रिजमध्ये वरचा कप्पा तुझा, खालचा माझा, दोन्हींवर चिकटपट्ट्या. दुधाच्या बाटल्या दोन. माझं दूध संपलं की मी तुझं चोरायचो, आणि तू बाटलीवर पेनानं रेघ मारून ठेवायचीस. मी रेघेपर्यंत पाणी घालायचो. तुला ते कळायचं. सकाळच्या कॉफीत ते पांचट दूध न बोलता ओतून तू माझ्याकडे बघायचीस. आर्डिस, त्या बघण्यासाठी मी नंतर घरात दूध असतानाही चोरी केली आहे.

मग ऑक्टोबर आला. गाजरं उपटताना तू वाफ्यातच बसलीस. तुझा उजवा हात आणि बोलणं दोन्ही एकदमच गेलं. अँब्युलन्स आली तेव्हा मी तुझे बूट हातात धरून उभा होतो. पुढे होममध्ये जाणं, अर्ज करणं, हे सगळं जोलीननं फोनवरून केलं आणि मी इथे कागद शोधत राहिलो. काउंटीच्या मिस व्हँग घरी आल्या. तरुण आहेत, कर्टिसच्या मुलीएवढ्या, बूट दारात काढून मोज्यांवर आत आल्या. मी त्यांच्यापुढे पावत्यांचा डबा ठेवला. त्या म्हणाल्या, इतका नीटनेटका अर्जदार त्यांनी नोकरीत पाहिला नाही. फ्रिजही उघडून दाखवला. त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी पेन टेकवून विचारलं, "आणि मिस्टर ब्रेके, अर्जदाराशी तुमचं नातं काय?"

मी म्हणालो, "घरमालक."

त्यांनी तसं लिहिलं. तुझा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता, तुझा चष्मा माझ्या वर्तमानपत्रावर पडला होता. मिस व्हँगनी दोन्ही पाहिलं असणार. जाताना त्या दारात बूट घालत थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही त्यांना भेटायला जाता ना?" मी म्हणालो, रोज. त्या मान हलवून निघून गेल्या.

फेब्रुवारीतला तो दिवस तुला आठवत नसेल, तू तापात होतीस. मीही तुला त्याबद्दल काही सांगितलेलं नाही. मी नेहमीसारखा दोन वाजता आलो. बेकरीतून तुझ्यासाठी लेमन पाय आणला होता. तुझी खाट रिकामी होती. नुसती रिकामी नाही, चादर काढलेली, गादीचं प्लास्टिक दिसत होतं. मिसेस एंगेब्रेट्सन फिजिओला गेल्या होत्या. मी बाहेर येऊन टेबलामागच्या मुलीला विचारलं. तीच, आलुबुखारवाली. तिनं फाइल पाहिली आणि तिचा चेहरा पडला. म्हणाली, "मिस्टर ब्रेके, मला फक्त कुटुंबातल्या माणसांना सांगता येतं. फाइलमध्ये तुमचं नाव कुठेच नाही." तिचा दोष नव्हता. आपणच ते नाव कुठे येऊ नये म्हणून अकरा वर्षं खपलो होतो. मी ट्रकमध्ये जाऊन बसलो. बेकरीचा खोका माझ्या मांडीवर होता. मला वाटलं, तू गेलीस. तुझ्याशी माझं काय बोलायचं राहिलं ते आठवायला लागलो. ती यादी मोठी नव्हती, एकच गोष्ट होती. तिथून मी जोलीनला फोन लावत राहिलो. तिनं उचलायला चाळीस मिनिटं लागली. न्यूमोनिया, तिनं सांगितलं, सकाळीच हॉस्पिटलात नेलंय, ठीक आहे, हार्लन, ती ठीक आहे. मी तसाच हॉस्पिटलात आलो. तिथेही त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मी खोटं बोललो. भाऊ म्हणालो. तू झोपेत होतीस म्हणून वाचलो, नाहीतर तुझ्या भुवया छताला लागल्या असत्या.

आणि मग मंगळवारी हे पत्र. मी ते इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय. त्यात एक तक्ता आहे. वैवाहिक स्थिती: विधवा. जोडीदार: नाही. घरातील इतर व्यक्ती: नाही. आणि खाली, अर्ज मंजूर. आपण जिंकलो, आर्डिस. तुझं या जगात कुणी नाही, हे आपण सरकारला पटवून दिलं. सगळे त्याबद्दल माझं अभिनंदन करताहेत.

गुरुवारी मी धुतलेला शर्ट घालून मिस व्हँगच्या ऑफिसात गेलो. विचारलं, समजा अर्जदारानं लग्न केलं तर? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मिस्टर ब्रेके, माझ्याकडे लोक उलट विचारायला येतात." मग कागदावर रेघ मारून त्यांनी मला समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं, दोनदा. लग्न झालं की माझंही मोजणार. घर माझ्याकडे राहील, जगण्यापुरतं राहील, पण नंतर ती ऐंशी एकर विकून आलेलं जे बँकेत आहे त्यातलं बरंचसं आधी तुझ्या होमला जाईल. तोवर सरकारची मदत थांबेल, मग पुन्हा सुरू होईल. तुझी खाट हलणार नाही, हे मी तीनदा विचारून घेतलं. घरात काही बदल झाला तर दहा दिवसांत कळवायचं असतं. मी म्हणालो, कळवीन. त्या म्हणाल्या, "तुम्हाला सगळं नीट समजलंय ना? नक्की?" मी म्हणालो, बाई, मला ऐकू कमी येतं, समजतं सगळं.

कर्टिस चिडला. त्याच्यावर रागवू नकोस, त्यानं आपल्या आईच्या वेळचं सगळं पाहिलंय. तो म्हणाला, "बाबा, काही झालं तर होममधून फोन यावा एवढंच हवंय ना तुम्हाला? एक सही केली की त्यांच्या फाइलमध्ये नाव जातं. आर्डिस डाव्या हातानं करेल सही. त्यासाठी सगळं घालवायला कशाला निघालात?" त्याचं बरोबर आहे, असा कागद आहे. मिस व्हँगनीही तो माझ्या हातात दिला. पण त्या कागदावर फोन कुणाला करायचा ते लिहिता येतं. मी तुझा कोण, ते लिहायला त्यात जागा नाही. हे मी कर्टिसला सांगितलं. मग तो म्हणाला, "तुमचे पैसे आहेत, बाबा." आणि थोड्या वेळानं, "कधी करताय?" येईल तो. चेहरा पाडून येईल, पण येईल.

आता ती एक गोष्ट, जी ट्रकमध्ये आठवली होती. वकिलाकडे गेलो त्याच वसंतात, त्याच्या आधी, चर्चच्या तळघरात पॅनकेकचं जेवण होतं. सगळे गेले होते. तू घासत होतीस, मी पुसत होतो. तू माझ्याकडे न बघता, काटे निथळत ठेवताना म्हणालीस, "बुधवारी पास्टर मोकळे असतात, म्हणे." आपल्याकडे कुणी यापेक्षा स्पष्ट बोलत नाही. तुझी मान लाल झाली होती. पाण्याचा नळ चालू होता आणि तेव्हा माझे कान शाबूत होते. मला ऐकू आलं, आर्डिस. तू लग्नाचं विचारतेयस हेही कळलं. माझ्या डोळ्यांसमोर ती ऐंशी एकर आली आणि मी म्हणालो, "बुधवारी मला ट्रॅक्टरचा टायर बदलायचाय." तू म्हणालीस, "हो का?" आणि पुढची ताटली माझ्या हातात दिलीस. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. टोमणासुद्धा मारला नाहीस, आणि तू तर टोमण्याची संधी कधी सोडत नाहीस. आठवडाभरानं मी तुला वकिलाकडे नेलं. टायर मी बदललाच नाही, तो ठीक होता.

मेल्यावर तू तुझ्या पहिल्या नवऱ्याच्या, रोलंडच्या शेजारी जाशील आणि मी ल्युसिलच्या. थडग्यांचे दगड नावं कोरून तयार आहेत, आणि त्या जागा सरकारही मोजत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या दोघांचा हक्क आधीचा आहे. पण मधले जे काही महिने किंवा वर्षं उरली असतील ती माझी आहेत, आणि ती मला घरमालक म्हणून काढायची नाहीत. आज फ्रिजमधल्या दोन्ही पट्ट्या मी सोलून काढल्या. गोंद काही निघत नाही, सुरीनं खरवडला तरी चिकट राहिलाय. भांड्याखालची मात्र तशीच ठेवलीय, तुझं घर कुठलं ते गावाला त्यावरूनच कळतं.

हे पत्र मी त्यासाठी लिहितोय. तू अकरा वर्षांपूर्वी विचारलंस त्याचं उत्तर द्यायला. पास्टर ग्रेटशेनना मी विचारलं. या बुधवारी दुपारी तुमचा बिंगोचा खेळ संपला की त्या होममध्ये येतील. कागदपत्रांचं मी बघितलंय, तुला कुठे जावं लागणार नाही. तुला बोलता येत नाही हे त्यांना माहीत आहे. त्यांच्या मते तू डाव्या हातानं माझा हात दाबलास की तेवढं पुरे. तू नाही म्हणालीस तरी मी रोज दोन वाजता येईनच. इतका उशीर केल्यावर रागवायचा तुला हक्क आहे, आणि भुवया उडवल्यास तर मला कळेल. पण तुझी इच्छा असेल तर तो निळा स्वेटर घाल, मुलीला खूण करून सांग, तिला समजेल. आणि पास्टर मोकळ्या आहेत, आर्डिस. या बुधवारी मला कुठलाही टायर बदलायचा नाही.

तुझाच,
हार्लन